कोरफडीचा गर आणि पाटीतली भाजी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही वस्तीत जा. चाळ असो, बैठे घर असो, की सात मजल्यांची इमारत असो. चार दारे ओलांडली की एक तरी कोरफड दिसतेच. कुठे ती रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली असते, कुठे खिडकीच्या गजाला बांधलेली असते. दुकानदार मंडळी तर ती मुळांसकट दारावर उलटी टांगतात. दृष्ट लागू नये म्हणून टांगतात. दृष्टीचे ज्याचे त्याने पाहावे. पण ती कोरफड माती नाही, पाणी नाही, तरी कितीतरी दिवस हिरवीच राहते, हे आपण सगळेच पाहतो. ते कसे?

झाडाच्या पानांना बारीक बारीक छिद्रे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडतात आणि त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. म्हणून कुंडीतल्या तुळशीला दोन दिवस पाणी चुकले, की ती मान टाकते. कोरफडीची रीत उलटी आहे. ती छिद्रे रात्री उघडते आणि दिवसा मिटून घेते. उन्हात तिचे पाणी बाहेर जात नाही. शिवाय पानाच्या पोटात तिने पाण्याचा साठा केलेला असतो. हा साठा म्हणजेच गर. ती मूळची अरबस्तानाकडची, कोरड्या मुलखातली. तिथे पाणी जपेल तोच जगेल. आपल्याकडे ती जुन्या काळीच आली आणि रुळली. संस्कृतात तिला कुमारी म्हणतात. वैद्याकडे मिळणारे कुमारी आसव ते हिचेच.

आता एक पान कापून पाहू या. कापल्याबरोबर साल आणि गर यांच्या मधून एक पिवळा, कडू चीक ओघळतो. त्याचा वास उग्र असतो. बोटाला लागला तर डाग पडतो. आतला गर मात्र काचेसारखा स्वच्छ आणि बुळबुळीत असतो. म्हणजे एकाच पानात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पुष्कळांना हा फरक ठाऊक नसतो, आणि सारी चूक इथेच होते. गर थंड आहे, गरीब आहे. चीक गरीब नाही. तो जोराचा जुलाब आहे. हाच चीक आटवून, वाळवून काळा बोळ करतात. आपल्या आज्या काळा बोळ गव्हाच्या दाण्याएवढा, मोजून देत. त्या जपून का देत, ते आता कळेल. जास्त झाला तर पोटात मुरडा येतो, पातळ परसाकडे होते, अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात.

म्हणून गर काढायची रीत शिकून घ्यावी. खालचे, जुने, जाड पान बुडापाशी कापावे. कापलेला भाग खाली करून ते एका वाटीत पंधरा मिनिटे उभे ठेवावे. पिवळा चीक वाटीत गळून पडतो. तो टाकून द्यावा. मग पान धुवावे, कडेचे काटे काढावेत, वरची साल जाड सोलावी. गराला पिवळी झाक दिसली तर तो भाग कापून टाकावा आणि गर पुन्हा पाण्यातून काढावा. हाताला कडू वास उरला नाही, म्हणजे काम नीट झाले.

आणखी एक सांगायचे आहे. रेल्वेच्या कडेला आणि शेताच्या बांधावर कुंपणासाठी घायपात लावीत. अजूनही ती जागोजाग उभी आहे. लांबून पाहिली तर मोठी थोरली कोरफडच वाटते. ती कोरफड नव्हे. घायपाताचे पान कडक असते, टोकाला दाभणासारखा काटा असतो आणि आत दोर असतात. तिचा रस अंगाला लागला तर आग होते, पुरळ उठते. कोरफडीचे पान हाताने सहज मोडते आणि आत दोर नसतात. फुकटची मिळाली म्हणून रुळांच्या कडेची पाने तोडून आणू नयेत. ओळखीच्या घरचे एक पिल्लू मागून आणावे. कोरफडीला पिल्ले सुटतातच, आणि ती द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

हा गर कशाला उपयोगी पडतो? अंगाला लावायला. उन्हाने कातडी रापली, चुलीशी किंवा इस्त्रीने थोडेसे चटकले, टाचा कोरड्या पडल्या, तर गर लावावा. थंड वाटते आणि कातडी मऊ राहते. पहिल्यांदाच लावायचा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी. काहींना कोरफड सोसत नाही. खाज आली तर ती आपल्यासाठी नाही असे समजावे.

भाजण्याविषयी जरा थांबून सांगतो, कारण स्वयंपाकघरात हे रोजचे आहे. दूध उतू गेले, कुकरची वाफ लागली, तेलाचा थेंब उडाला, की बायका आधी काय शोधतात? कोणी हळद, कोणी दात घासायची पेस्ट, कोणी शाई, आणि आता कोणी कोरफड. यांतले काहीही पहिले नाही. पहिले पाणी. भाजलेला भाग साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ पाहून वीस मिनिटे. आमच्याकडच्या पुष्कळ वस्त्यांत नळ दिवसातून एकदाच येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. नळ नसेल तर भरलेल्या हंड्यातले पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहावे. बर्फ लावू नये. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढून घ्यावी. कातडी नुसती लाल झाली असेल, फोड आला नसेल, तर पाण्यानंतर गर लावायला हरकत नाही. फोड आला, कातडी सुटली, तोंडावर किंवा हातावर भाजले, किंवा लहान मूल भाजले, तर काहीही न लावता स्वच्छ कापड वरून पांघरून सरळ दवाखाना गाठावा. कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. गाडी हवी असेल तर १०८ या नंबरावर फोन करावा.

लावण्याचे झाले. आता पिण्याचे. वर्गात हा विषय निघाला की एकदम चार जणी बोलू लागतात.

"अहो, आमच्या शेजारच्या वहिनी रोज सकाळी कोरफडीचा रस घेतात. त्यांचं वजन उतरलं म्हणतात."

"आमच्या ह्यांनी तर बाटल्याच आणून ठेवल्यात. म्हणे ह्यानं सगळे रोग जातात."

एका वस्तूने सगळे रोग जातात असे कोणी म्हणाले, की आपण आपली पिशवी घट्ट धरावी. कोरफडीच्या गरात शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या एका भागात थोडी साखरेच्या जातीची द्रव्ये, थोडे क्षार. म्हणजे स्वच्छ गराचा रस प्यालात तर फारसा अपाय नाही, पण अन्न म्हणून हाती काय आले? पाणी. आणि गर स्वच्छ नसेल, संपूर्ण पानच वाटून रस काढला असेल, तर त्यात चीक येतो. मग वजन उतरते खरे. पण ते चरबीचे नसते, जुलाबातून गेलेल्या पाण्याचे असते.

अमेरिकेत कोरफडीचा चीक घातलेली जुलाबाची औषधे दुकानात चिठ्ठीवाचून मिळत. ती सुरक्षित आहेत हे कारखानदारांनी सिद्ध करून दाखवले नाही, म्हणून २००२ साली तिथल्या सरकारी औषध खात्याने त्यांची अशी विक्री थांबवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क तपासला. उंदरांना तो दीर्घकाळ पाजला तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यावरून २०१६ साली छापलेल्या अहवालात या अर्काची नोंद 'माणसाला कर्करोग होण्याचा संभव' अशा गटात केली आहे. एवढ्यावरून कोणी घाबरून कुंडी फेकून देऊ नये. हे साल आणि चीक यांसकट काढलेल्या अर्काविषयी आहे, सोलून धुतलेल्या गराविषयी नाही. पण रोज सकाळी उपाशीपोटी, महिनोन् महिने, कोणाच्याही सांगण्यावरून हा रस पिऊ नये. गरोदर बाईने मुळीच घेऊ नये, चिकाने पोटात कळा येतात. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांनीही घेऊ नये. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, पाणी उतरायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून तोंडाला लावू नये.

"पण ते झाडपाल्याचं आहे ना? त्यानं काय होतंय?" हा प्रश्न हमखास येतो. धोत्राही झाडपालाच आहे. कण्हेरही झाडपालाच आहे. झाड आपल्यासाठी उगवत नाही, ते आपल्या स्वतःच्या जिवासाठी उगवते. गुरांनी खाऊ नये म्हणून ते अंगात कडू, तिखट, खाजरे रस तयार करते. त्यांतले काही थोड्या मात्रेत आपल्या कामी येतात, एवढेच.

दुधी भोपळ्याचेच घ्या. इतकी साधी भाजी दुसरी नाही. आजाऱ्याला देतो, बाळाला देतो. पण एखादा दुधी कडू निघतो. त्या कडूपणात विष असते. दुधी, काकडी, कारले यांच्या कुळातली झाडे ते तयार करतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञांनी कडू दुधीचा रस प्याला आणि त्यात त्यांचा अंत झाला. शिकलेला, जाणता माणूस. रस कडू लागला, पण औषध कडूच असायचे असे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. समितीने सांगितले की दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा. हे आपल्या आया पूर्वीपासून करतातच. काकडीचे टोक कापून चाखायची रीत उगाच नाही पडलेली. भाजी करताना आपण चाखतो. रस मात्र डोळे मिटून पितो.

गुळवेलीचेही असेच झाले. करोनाच्या साथीत २०२० साली घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. पुढच्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रोग्यांची हकिकत छापली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. सरकारच्या आयुष खात्याने म्हटले की गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असेल. वाद कोणाचा खरा हे तज्ज्ञ पाहतील. आपल्यापुरते इतके कळले, की वेल ओळखता येत नसेल तर तिचा काढा करू नये, आणि ओळखता आली तरी वैद्याच्या देखरेखीवाचून महिनोन् महिने घेऊ नये. काढा सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर काढा बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सगळ्यांत मोठा धोका मात्र रसात नाही, रसामुळे जे सोडून दिले जाते त्यात आहे. आमच्या एका वर्गात एक आजी येत. त्यांना मधुमेह होता. कोणीतरी त्यांना सांगितले, गोळ्यांनी किडनी जाते, त्यापेक्षा कारल्याचा आणि कोरफडीचा रस घ्या. आजींनी गोळ्या बंद केल्या आणि रस धरला. अंगात साखर वाढत गेली, पण वाढलेली साखर दुखत नाही. चप्पल लागून पायाला जखम झाली तीही दुखली नाही, कारण पाय बधिर झाले होते. जखम चिघळली. शेवटी दोन बोटे काढावी लागली. नंतर त्या वर्गाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "गोळ्या बंद केल्या तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं. आता बरं व्हायला लागले, असंच वाटलं होतं." किडनी गोळीने जाते ही समजूत फार पसरली आहे. मधुमेहात किडनी खराब होते ती बहुतेक वेळा वाढलेल्या साखरेमुळे आणि वाढलेल्या रक्तदाबामुळे. गोळी ती वाचवण्यासाठी असते. कारले जरूर खावे, भाजी करून खावे. मेथी खावी, जांभळे खावीत. गोळी चालूच ठेवावी. आणि कारल्याचा रस किंवा मेथीची पूड औषधासारखी रोज घ्यायची असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण गोळी आणि रस दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. डॉक्टर रागावतील म्हणून पुष्कळ जणी सांगत नाहीत. रागावले तर रागावोत. सांगावे.

आता जे खरोखर खायला हवे त्याकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी केली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे वर्गात तुम्ही ज्या बाकावर बसता, तिथे तुमच्या नाहीतर शेजारणीच्या अंगात रक्त कमी असण्याचा संभव आहे. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, दगदग फार झाली. याला कोरफड उपयोगी नाही. याला लोह हवे.

हे लोह थोडेफार आपल्याच बाजारात, पाटीत बसलेले असते. पहिला पाऊस पडला की कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनांच्या बाहेर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका पाट्या घेऊन बसतात. कोणी कसारा, खर्डी, आसनगावकडून लोकलने येते, कोणी मुरबाडहून, कोणी कर्जत-नेरळच्या बाजूने. येऊरच्या डोंगरातल्या बायका ठाण्यात उतरतात. त्यांच्याकडे टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, शेवळे असे काय काय असते. शहरातल्या नव्या पिढीला यांतली निम्मी नावेही येत नाहीत. त्या पाटीपाशी उभे राहून, "मावशी, ही भाजी कशी करायची?" असे विचारावे. मावशी भाव करताना ताठ असते, पण कृती मात्र मन लावून सांगते.

आणि ती ऐकावीच लागते, कारण रानभाजी म्हणजे नुसती फोडणीला टाकायची भाजी नव्हे. शेवळ्याचेच पाहा. शेवळे जमिनीतून वर येणारा कोंब असतो. त्यात सुईसारखे अतिशय बारीक खडे असतात. नीट न शिजवता खाल्ले तर घसा खाजून खाजून जीव नकोसा होतो. म्हणून शेवळ्याचे वरचे आवरण सोलतात, आतला पिवळा भाग काढून टाकतात, चिरून तेलावर चांगले परततात आणि त्यात काकडाची फळे किंवा चिंच घालतात. काकडाची आंबट हिरवी फळे त्याच बायका शेजारी वाटा करून विकतात. जोडी त्यांनीच लावून ठेवलेली असते. आगरी घरांत आणि कायस्थ घरांत शेवळ्यात कोलंबी किंवा खिमा घालतात, त्या कालवणाची वाट लोक वर्षभर पाहतात. अळवात आपण चिंच घालतो तीही याच कारणासाठी. ज्या कोणी पहिल्यांदा ही जोडी शोधून काढली, तिचे नाव कुठे लिहिलेले नाही. पण तिने पुष्कळांचे घसे वाचवले.

टाकळा कोवळा असताना, फूल धरायच्या आत घ्यावा. फोडशीची पाती गवतासारखी असते, तिच्या मधला कडक दांडा काढून टाकावा, मग बारीक चिरून कांद्यावर परतावी. थोडी मूग डाळ घातली तर भाजीला अंग येते. भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळ्याची फोड घ्यावी. पाल्यातले लोह पोटात सहज मुरत नाही, आंबट फळातले क जीवनसत्त्व त्याला आत घेऊन जाते. उलट जेवणावर लगेच चहा प्याला, तर चहा ते लोह अडवतो. आमच्या बायकांचा जेवण झाल्यावरचा चहा हा मोठा शत्रू आहे, असे आम्ही म्हटले की वर्गात नाराजी पसरते. चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. तासाभराने घ्या. रक्त फारच कमी असेल तर भाजीने भागत नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, आणि त्याही चहाबरोबर घेऊ नयेत.

पालेभाजी कुठली घ्यावी, हाही प्रश्न आपल्या भागात आहे. ठाणे आणि कल्याणच्या दरम्यान लोकलच्या खिडकीतून पाहिले तर रुळांच्या कडेला पालक, माठ, मेथीचे हिरवेगार वाफे दिसत आले आहेत. डोळ्यांना बरे वाटते. पण शेजारून नाला वाहत असतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याचेच पाणी वाफ्यांना दिले जाते. नाल्यात वस्तीचे सांडपाणी असते, कारखान्याचेही असते. भाजी धुतली की धूळ आणि पुष्कळसे जंतू जातात. मुळांवाटे पानात शिरलेले शिसे धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. बाजारातल्या जुडीवर ती कुठली हे लिहिलेले नसते, म्हणून विकणाऱ्याला विचारावे. रोज एकच पालेभाजी, एकाच जागेची, असे करू नये. आज माठ, उद्या शेवग्याचा पाला, परवा मेथी. शेवग्याचे झाड तर आपल्याकडे कंपाउंडात उभे असते. शेंगा तोडायला सगळे धावतात आणि पाला झाडून टाकतात. त्या पाल्यात लोह आहे, आणि हाडांना लागणारे कॅल्शियम दुधापेक्षा अधिक आहे.

कॅल्शियमवरून नाचणी आठवली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०, आणि तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा. नाचणी आमच्या मुरबाड-शहापूरच्या डोंगरउताराचे पीक. गरिबाचे अन्न म्हणून शहरात आल्यावर लोकांनी ती सोडली. मग २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तीच नाचणी रंगीत पाकिटात, बिस्किटात, दुकानाच्या दर्शनी फळीवर आली. पाकिटाची गरज नाही. सुटी नाचणी घेऊन निवडावी, धुऊन वाळवावी आणि गिरणीतून दळून आणावी. मोड आणून वाळवली तर आणखी चांगली.

रसाच्या एका बाटलीला किती पैसे पडतात ते दुकानात पाहून या. मग तेवढ्या पैशांत नाचणी किती येते, माठाच्या जुड्या किती येतात, लिंबे आणि अंडी किती येतात, हे वहीत मांडा. बेरीज-वजाबाकीचा हा चांगला धडा होईल. आम्ही आकडे देत नाही. भाव तुम्हांलाच आमच्यापेक्षा नीट ठाऊक.

आंबील कशी करतात ती सांगतो. चार माणसांना पुरेल. रात्री चार चमचे नाचणीचे पीठ एक वाटी पाण्यात कालवून झाकून ठेवावे. सकाळी ते थोडे आंबूस होते. पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळायला ठेवावे. उकळी आली की कालवलेले पीठ एका हाताने ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, नाहीतर गोळे होतात. मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजू द्यावे. रंग गडद झाला आणि वर चकाकी आली की उतरवावे. निवल्यावर त्यात दोन वाट्या ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घालावी. ताक गरम आंबिलीत घालू नये, फाटते. मुलांना लसूण तिखट लागतो, त्यांची वाटी आधी काढून घ्यावी आणि त्यात जिऱ्याची पूड घालावी. कामाला जाणाऱ्याला बाटलीत भरून देता येते, पण बाटली पाऊणच भरावी. उन्हात आंबील फुगते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये झाकण उडाले तर शेजारचा माणूस ऐकून घेणार नाही.